अलचा रुमाल

केझबानबाईच्या घराला अख्ख्या खोऱ्यात मान होता, आणि तो सगळा मान एका रुमालाचा होता. तिच्या नवऱ्याच्या आजोबांनी म्हणे अल पकडली होती. अल म्हणजे ती लाल केसांची, लांब बोटांची बया, बाळंतिणीचं काळीज काढून नदीवर धुवायला नेणारी. रात्री अल आजोबांच्या घोडीवर बसून हिंडायची; रोज सकाळी घोडी घामाघूम सापडायची, आयाळीच्या वेण्या घातलेल्या असायच्या. एकदा त्यांनी घोडीच्या पाठीला डांबर फासलं. अल चिकटली, आणि त्यांनी तिच्या गळपट्टीत सुई टोचली. सुई टोचली की अल त्या घरची मोलकरीण होते. सात वर्षं राबली, सुटताना डोक्याचा लाल रुमाल देऊन गेली, आणि हा रुमाल असेल तिथे पाय ठेवणार नाही अशी शपथ घेऊन गेली. तेव्हापासून कुठेही बाळंतीण तापली की माणूस यांच्या दारात हजर. परतताना कुणी लोणी देई, कुणी कोंबडी.

रुमाल घेऊन जायचं काम घरच्या सुनेचं, म्हणजे गुलीजारचं. आणि गुलीजारने तो रुमाल सहा वर्षांपूर्वीच घालवला होता. नदीवर धुवायला नेला, बायकांशी गप्पा मारता मारता हातातून सुटला, गेला वाहून. सासूला कळलं असतं तर तिने सोलून काढलं असतं. म्हणून गुलीजारने आपल्या लग्नातल्या ओढणीचा तुकडा कापला, चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केला आणि पेटीत ठेवून दिला. पहिल्यांदा तो तिने एका तापलेल्या बाळंतिणीच्या छातीवर पसरला. ती बाई उठून बसली. दुसरीही उठली. तेव्हा तिला कळून चुकलं की उठणारी आपसूक उठते. लोणी मात्र ती खात राहिली. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही. ती दारात दिसली की म्हाताऱ्या बायकासुद्धा उठून जागा द्यायच्या.

आणि मग ताप आला तो तिच्या सख्ख्या बहिणीला.

येतेर चौथी मुलगी. येतेर म्हणजे ‘पुरे आता’, बापाने वैतागून ठेवलेलं नाव. आई शेतात, म्हणून गुलीजारनेच तिला कडेवर वाढवलं. बाळंत होऊन पाच दिवस झाले होते. तिचा नवरा बेकिर सकाळीच बोलवायला आला. गुलीजार खोलीत शिरली. येतेरच्या कपाळाला बाळंतिणीचं लाल फडकं बांधलेलं, उशाखाली सुरी, दाराला कांदा टांगलेला, सगळं रीतसर. पण पोरगी तव्यासारखी तापली होती, आणि पांघरुणाखालून येणारा वास चांगला नव्हता.

“ताई, आलीस ना? आता मला काही होत नाही,” येतेर पुटपुटली.

गुलीजारने रुमाल पसरला आणि तशीच बाहेर आली. अंगणापलीकडे दुधाचा ट्रक उभा होता. बेकिरनेच तो थांबवून ठेवला होता.

“बेकिर, तिला ट्रकमध्ये घाल. शहरातल्या दवाखान्यात ने. आत्ताच्या आत्ता!”

“अगं ताई, तू येईपर्यंत धीर निघेना म्हणून थांबवला होता. पण वाटेत पूल आहे. चाळीस दिवसांच्या आत बाळंतिणीने पाणी ओलांडायचं नाही, हे मी तुला सांगायचं? अल तिथेच टपून बसलेली असते. आता रुमाल आलाय, जाऊ दे ट्रकला.”

“रुमालाने काही होणार नाही.”

“वा गं वा! घर तुमचं, रुमाल तुमचा, आणि तुलाच भरवसा नाही?”

गुलीजारला क्षणभर सासूचा चेहरा आठवला. मग आतून येतेर कण्हली, आणि तिने सगळं ओकून टाकलं. नदी, ओढणी, चहाचं पाणी.

बेकिर पांढराफटक पडला. “म्हणजे माझ्या बायकोच्या छातीवर तू चिंधी टाकलीस?”

“हो, चिंधीच! सहा वर्षं चिंधीच टाकतेय. म्हणून तर म्हणते, दवाखान्यात...”

“तरीच ताप उतरत नाही! अल हसत असेल आपल्याला.” तो ट्रककडे धावला. “चल रे, वरच्या खोऱ्यात चल! तिथे खऱ्या रुमालाचं एक घर आहे.”

“अरे बेकिर, तिला तरी आत घे! तिला घेऊन जा रे!”

ट्रक वर गेला, शहराच्या उलट्या दिशेला. गुलीजार पिठाच्या गिरणीपर्यंत ओरडत त्याच्या मागे धावली. गावात दुसरी गाडी नव्हती. सावल्या लांबल्यावर बेकिर रुमाल घेऊन परतला, तोवर येतेर थंड झाली होती.

गाव म्हणालं, बहिणीने बहिणीला खाल्लं. बेकिर तिच्या तोंडावर थुंकला, आणि तिने तोंड पुसलंसुद्धा नाही. केझबानबाईने मात्र तिला घराबाहेर काढलं नाही. तिने सगळीकडे सांगितलं, “या कारटीने घालवली ती नक्कल होती. अस्सल रुमाल माझ्याच पेटीत आहे. मला कुणी विचारलंच नाही, त्याला मी काय करणार?” लोकांना तेवढंच हवं होतं.

येतेर गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी दुपारी दुरसुन नावाचा मेंढपाळ धापा टाकत आला. बायको बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवसापासून तापली होती. केझबानबाईने पेटी उघडून रुमाल सुनेच्या हातात दिला. गुलीजारने त्याची कड पाहिली. कडेचे टाके तिच्याच हातचे होते. येतेरच्या कपाळावरचं फडकं ते. मयताला आंघोळ घालताना सासूने सोडवून घेतलेलं.

तिने ते छातीशी घट्ट धरलं. मग म्हणाली, “दुरसुनभाऊ, आधी गाडी बघा.”

“गाडी कशाला, वहिनी?”

“हा रुमाल घरात लागू पडत नाही. दवाखान्याच्या खाटेवर पसरला तरच पडतो. अलने आमच्या आजोबांना तसं बजावलंय.”

“आणि पूल?”

“रुमाल सोबत असला की पाणी आड येत नाही. पळा!”

दुरसुन वळला आणि धूम पळाला.

“असं कधी म्हणाली गं अल?” सासूने डोळे बारीक करून विचारलं.

“चाळीस दिवसांपूर्वी म्हणायला हवी होती,” गुलीजार म्हणाली, आणि उंबऱ्यावरच बसून ढसाढसा रडली. एवढंच तर करायचं होतं! सहा वर्षं खोट्यावर जगली, खोट्याचं लोणी खाल्लं, आणि नेमकं त्याच दिवशी तिला खरं बोलायची अवदसा आठवली.