गुलाबी दाण्यांनी तारलेला सत्तेचाळीसावा

मित्रांनो, मी एक जुना उत्प्रेरक आहे. स्वतः तसूभरही न बदलता इतरांमध्ये बदल घडवायचा, हे आम्हा उत्प्रेरकांचं जीवनव्रत. निदान पाठ्यपुस्तकात तसं छापलंय. माझे आधीचे सेहेचाळीस भाऊ ते न वाचताच वारले.

दिसायला मी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, भाजलेल्या मातीचा तुकडा. बाईंनी मला धातूंच्या क्षारात बुचकळलं, भट्टीत भाजलं आणि पाठीवर ४७ लिहिलं. बाई संशोधक. त्यांच्या दादाचं ड्राय-क्लीनिंगचं दुकान. तिथल्या द्रावणाची वाफ क्लोरीनने गच्च भरलेली. मागचा पंखा लावला की बोळातले लोक भांडायला येत. बंद ठेवला की दादाचं डोकं ठणके.

"डॉक्टरीणबाई, एवढं शिकलीस, तर माझ्या डोक्याचं काहीतरी बघ."

"मी त्यातली डॉक्टर नाही रे, दादा."

"मग कशातली? पंख्यातली?"

बाईंनी ते मनावर घेतलं.

वाफेचे तुकडे करणं हे आमचं काम. तुकडे व्हायचे, पण सुटा झालेला क्लोरीन आमच्याच अंगावर ठाण मांडून बसायचा. दोन दिवसांत भाऊ गार. बाई आमच्यावर कोरडी ठणठणीत हवा सोडत, अगदी शास्त्रशुद्ध. हवेतली ओल टिपायला वाटेत निळ्या दाण्यांची बाटली असे. ओल पिऊन दाणे गुलाबी झाले की ते बदलायचे. हे काम शिपाईमामांचं. मामा नुकतेच ग्रंथालयातून प्रयोगशाळेत बदलून आले होते.

माझ्या पाळीला मामांनी निळे दाणे काढून आधी काढून ठेवलेले गुलाबी भरले. दहा दिवस झाले तरी मी टिकून होतो.

"मामा, हे काय भरलंत?"

"ताजे दाणे, मॅडम. कसे गुलाबी आहेत बघा, बाळाच्या गालांसारखे."

"अहो, गुलाबी म्हणजे ओले! निळे म्हणजे कोरडे, चांगले!"

"असं होय? मला वाटलं, निळे पडले म्हणजे गेले."

बाई ओरडणारच होत्या. मग त्यांचं लक्ष यंत्रावरच्या माझ्या आकड्यांकडे गेलं आणि ते त्यांनी दोनदा तपासले. ओलीतल्या हायड्रोजनचा हात धरून क्लोरीन माझ्या अंगावरून निमूट उठला होता आणि आम्ल होऊन पुढच्या सोड्याच्या पाण्यात जिरला होता. माझे भाऊ कोरडे पडून गेले होते! शोधनिबंधात बाईंनी मामांचे आभार मानले. कशाबद्दल, ते मोघम ठेवलं.

पुढे मला आणि माझ्यासारख्या तीस तुकड्यांना दुकानातल्या पंख्यापाशी पेटीत बसवलं. पंखा दिवसभर फिरला. बोळातून कोणी आलं नाही.

"डॉक्टरीणबाई," संध्याकाळी दादा म्हणाला, "डोकं आहे की नाही, तेच कळत नाहीये!"

"ते आधीपासूनच तसंय," बाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

तीन वर्षं मी राबलो. दादा रोज सकाळी पेटी फडक्याने पुसायचा. तिला पुसायची काहीच गरज नव्हती. पण मित्रांनो, खरं सांगतो, मला ते आवडायचं. आमच्यासारख्यांना फार काही लागत नाही. थोडी ओल असू द्या, आणि कधीतरी विचारपूस करा.

गेल्या महिन्यात दादाच्या दुकानात धुलाईचं नवं यंत्र आलं. ते पाण्यावर चालतं; द्रावण नाही, वाफ नाही.