विझला की यायचं

नागपूर महाराष्ट्रात गेलं आणि आम्ही नागपूरकर मध्य प्रदेशात आलो. माझा धाकटा भाऊ नीळकंठ भोपाळच्या नव्या कारखान्यात वायरमन म्हणून लागला. पिपलानीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, आणि त्याच्यामागून त्याची बायको सुमित्रा आली, विधवा बहीण म्हणून मीही आले. विषमज्वरानं माझे कान नेले. उजव्या कानाशी कुणी ओरडलं तर थोडं कळतं, बाकी मी ओठ वाचते. जिभेला मात्र त्या तापानं हातसुद्धा लावला नाही, असं सुमित्रा म्हणायची. तिला मी ते बोलू देत असे. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याची धडगत नव्हती.

पहिल्याच थंडीत सुमित्रानं अंथरूण धरलं. तिच्या काळजाची झडप खराब होती. डॉक्टर म्हणाले, उठायचं नाही, ओरडायचं नाही, आणि धाप लागली की तत्काळ कुणीतरी बसतं करून औषध द्यायचं. उशीर झाला तर काही खरं नाही. नीळू पाळीवर गेला की घरात आम्ही दोघीच, एकीला ओरडायची बंदी आणि दुसरीला ओरडलेलं ऐकू येत नाही. देवानं जोडी अगदी बघून जमवली होती. मी एक पोळी तव्यावर टाकायची, बाहेरच्या खोलीत डोकावून यायची, तोवर पोळीचा कोळसा.

"ताई, तुला दिसेल असं काहीतरी करतो," नीळू म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी त्यानं इतवाऱ्याच्या बाजारातून एक लहानसा ट्रान्सफॉर्मर आणला, सहा व्होल्टचा. हात लागला तरी झटका बसत नाही म्हणे. त्यातून एक तार सरळ स्वयंपाकघरातल्या छोट्या बल्बला गेली. दुसरी बाहेरच्या खोलीत सुमित्राच्या खाटेपर्यंत जाऊन, तिच्या हाताशी ठेवलेल्या बटणातून, परत बल्बला आली. बटण मशीन थांबवायला असतं तसलं होतं, दाबलं की आतली जोड सुटायची. म्हणजे बल्ब सदा पेटलेला, आणि सुमित्रानं बटण दाबलं की विझणार. बल्बसाठी, चुलीखेरीज माझी नजर जाईल अशी एकच जागा होती, देवांच्या फळीशेजारची. तिथं त्यानं खिळा ठोकला.

"पेटलेला आहे तोवर सगळं ठीक," तो माझ्या कानाशी ओरडला. "विझला की यायचं!"

सुमित्राचा चेहरा उतरला. तिचे ओठ मी नीट वाचले.

"अहो, घरातला दिवा मी माझ्या हातानं मालवायचा? तुम्ही बाहेर असताना?"

"दिवा कुठला, बल्ब आहे तो."

"देवापाशी आहे ना?"

आमच्याकडे बायका दिवा फुंकत नाहीत. तेल संपून तो आपणहून शांत झाला तर झाला. सुमित्राच्या माहेरी तर ‘विझला’ हा शब्दही तोंडातून काढायची चोरी. मी नीळूला म्हटलं, "उलटं कर की बाबा. दाबल्यावर लागू दे."

"आणि मध्ये तार तुटली तर? बल्ब गेला तर? ती दाबत बसेल आणि तुला कळणारही नाही. असा केला तर काहीही बिघडलं तरी विझतो, आणि तू धावतेस. कारखान्यात असंच करतात."

बोलणं बिनतोड होतं. मला पटलं. सुमित्रानं मान हलवली, पण नवऱ्यापुढं ती नेहमीच मान हलवायची. नीळूनं तिच्याकडून एकदा बटण दाबून घेतलं. तिनं डोळे मिटून दाबलं, सोडलं आणि लगेच फळीच्या दिशेनं हात जोडले. आम्ही दोघं भावंडं पोट धरून हसलो.

त्यानंतर माझ्या पोळ्या करपायच्या थांबल्या. अधूनमधून वीज जायची, बल्ब विझायचा, मी पिठाच्या हातांनी धावत जायची, आणि खाटेवर सुमित्रा मला बघून खुदुखुदु हसत असायची. तिनं मात्र एकदाही बटण दाबलं नाही. तिला बरं वाटतंय, असं आम्ही समजलो.

माघातली संध्याकाळ होती. नीळू दुसऱ्या पाळीवर. मी देवापाशी निरांजन लावलं, हात जोडले आणि भाकऱ्या थापायला बसले. मान वर केली की बल्ब दिसायचा, छान पेटलेला. भाकऱ्या झाल्या, पिठलं झालं. ताट वाढून मी बाहेरच्या खोलीत गेले.

दारापाशीच पायाखाली काहीतरी आलं. पाण्याचा पेला. पुढं चमचा, औषधाची फुटलेली बाटली, तिची फणी, कुंकवाची डबी. हाताला लागेल ते तिनं एकेक करून स्वयंपाकघराच्या दिशेनं फेकलं होतं. मला बहिरीला ऐकू यावं म्हणून! बटण तिच्या उशीवर जिथल्या तिथं होतं. सुमित्रा गेली होती.

शेजारची वसुधा धावत आली. भांडी पडल्याचे आवाज आले, पण वाटलं तुम्हीच आवरताय, असं ती रडत रडत सांगत होती.

नीळू आला. आधी तिच्या पायाशी बसला, मग उठून त्यानं बटण दाबलं. बल्ब विझला. सोडलं, लागला. पुन्हा दाबलं. मग माझ्या कानाशी येऊन तो ओरडला, "चालतंय, ताई! मग तिनं दाबलं का नाही?"

मला त्याचा इतका राग आला, आणि तिचा त्याहून. "तू घराबाहेर होतास म्हणून," मी म्हटलं. "दिवेलागणीला तुझ्या घरातला दिवा विझवायचा नव्हता तिला." त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तो भिंतीला धरून खाली बसला. इतकं मोठं माणूस असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

तो बल्ब तेराव्यापर्यंत तसाच पेटत राहिला. काढायचं नाव कुणी घेतलं नाही. चौदाव्याच्या सकाळी मी कणिक मळत होते. मान वर केली तर बल्ब विझलेला.

मी परात टाकून धावले. पिठाच्या हातांनी बाहेरच्या खोलीत शिरून खाटेपाशी गुडघ्यांवर बसले, तिला उठवायला हात पुढं केले, आणि मग मला नुसत्या सुंभाच्या दोऱ्या दिसल्या. पलीकडे नीळू भिंतीवरून तार सोडवत उभा होता. त्याचे ओठ हलत होते, पण मला एक शब्द वाचता आला नाही.