सगळ्यांचं कपाट

गेल्या वर्षीच्या वेशभूषेच्या दिवशी आमच्या शाळेतला चौथीचा एक मुलगा दोन तास संडासात लपून बसला होता. बाकीचे भाड्याने आणलेले मुकुट आणि तलवारी घेऊन मिरवत होते आणि त्याच्याकडे रोजचाच गणवेश होता. तो सापडला तेव्हा मी मोहनाबेनना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, सगळ्यांच्या देखत सांगितलं की पुन्हा असला दिवस करायचा असेल तर माझा राजीनामा घ्या. माझ्या जिभेला हाड नाही, हे प्रतापनगरात सगळ्यांना ठाऊक आहे. मोहनाबेन शांत बाई. त्या म्हणाल्या, मग पुढच्या वर्षीचा कार्यक्रम तुम्हीच ठरवा.

बोलून अडकले ती अशी. पण खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. इतरांचं चुकलेलं दुरुस्त करायला मला फार आवडतं.

मी आठवडाभराचा कार्यक्रम आखला. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, पतंगांचं वेड उतरलं की लगेचचे पाच दिवस. सोमवारी शर्ट उलटा घालायचा, मंगळवारी दोन पायांत दोन मोजे, बुधवारी मनाला येईल तशी वेणी किंवा भांग, गुरुवारी बाकावरच्या जोडीदारासारखं दिसायचं. आणि शुक्रवारी घरातल्या मोठ्या माणसाचे कपडे घालून यायचं. नियम एकच, कुणी काही विकत आणायचं नाही आणि भाड्याने तर मुळीच नाही. बैठकीत कुणी सिनेमातल्या नटनट्यांचा दिवस सुचवला, कुणी परदेशी पोशाखांचा. मी सगळं उडवून लावलं. शुक्रवारच्या सूचनेत कारकुनाने ‘आई-बाबांचे कपडे’ असं टाइप केलं होतं. तेही मी खोडून ‘घरातल्या कुणाही मोठ्या माणसाचे’ असं करून घेतलं, कारण पाचवीतल्या कोमलचे बाबा भाद्रपदात गेले होते.

एवढ्यावर माझं समाधान झालं नव्हतं. ज्यांच्या घरून काहीच येणार नाही त्यांच्यासाठी मी चित्रकलेच्या खोलीतलं लोखंडी कपाट रिकामं करून घेतलं, त्यावर ‘सगळ्यांचं कपाट’ अशी पाटी लावली आणि पावसाळ्यापासून ओळखीच्या घरांतून जुने कपडे जमवायला लागले. सहा-सात घरांचे जमले. मी ते धुऊन, इस्त्री करून, मापाप्रमाणे लावून ठेवले. कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये असायची. मधल्या सुट्टीत मुलांनी उगाच चिवडाचिवड करू नये म्हणून.

त्या घरांपैकी एक घर कोमलचं होतं.

तिचे बाबा विश्वंभर रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. आठ दिवसांच्या तापात माणूस गेला. मी दहाव्या दिवशी त्यांच्या क्वार्टरमध्ये भेटायला गेले होते. कराडहून त्याचे चुलते दत्ताजीराव आले होते आणि घर त्यांच्याच शब्दावर चाललं होतं. त्यांचं म्हणणं, तेराव्याच्या आत गेलेल्या माणसाचं अंगावरचं एकही वस्त्र घरात राहता कामा नये. ते कुणाच्या तरी अंगावर गेलं पाहिजे, तरच त्याला पोचतं. एकदा दिलं की पुन्हा घरात आणायचं नाही. विश्वंभरची बायको नयना भिंतीला टेकून बसली होती. कुणाला द्यायचे, हे तिला सुचत नव्हतं. मी पुढे होऊन म्हटलं की मी नेते, शाळेत मुलांच्या उपयोगी पडतील. दत्ताजीरावांनी हात जोडले. दोन पिशव्या भरल्या. निघताना दारात कोमलने आईला विचारलं की या पिशव्या कुठे चालल्या. नयनाने सांगितलं, बाबांकडे. आणि माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. दहा वर्षांच्या पोरीला त्या वेळी दुसरं काय सांगणार होतो आम्ही?

त्यानंतर सगळे कपडे एकत्र झाले. कुठला शर्ट कुणाच्या घरचा, हे मी विसरले. आजही मला याची लाज वाटते, पण विसरले हे खरं आहे.

त्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार असे गेले की मी हवेतच होते. इतकी वर्षं ज्या मुलांचा आवाज ऐकला नव्हता ती वर्गात हसत होती. गुरुवारी कोमल आणि तिच्या शेजारची दीप्ती एकसारख्या दोन वेण्या घालून, कपाळावर एकसारखी टिकली लावून आल्या. दीप्ती ही खंडेराव मार्केटात भाजी विकणाऱ्या म्हातारीची नात, बडबडी आणि मनाची मोकळी. वर्गात पोरी गुजरातीत बोलतात, भांडतात मात्र मराठीत. कोमल गेले चार महिने शाळेत जवळजवळ बोलतच नव्हती. दीप्तीमुळे त्या दिवशी ती चक्क दोनदा हसली.

संध्याकाळी नयना न्यायला आली तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली, “बेन, उद्या कोमलला नाही पाठवत मी. घरात त्यांचं काही ठेवलंच नाहीये. तिला उगाच...”

मी तिला बोलूच दिलं नाही. म्हटलं, तुझी एखादी ओढणी बांध तिला, पण पाठव. चार महिन्यांत पोरगी पहिल्यांदा हसली आहे. मी आहे ना, तिला काही जाणवू देणार नाही. नयनाने कोमलच्या वेण्यांकडे पाहिलं आणि मग सारु, म्हणजे बरं, म्हणाली. तिने माझ्यावर विश्वास टाकला.

शुक्रवारी सकाळी चांगलीच थंडी होती. पटांगणात पोरं जमायला लागली आणि मला हसू आवरेना. कुणी आजोबांचं धोतर सावरत होतं, कुणाची टोपी डोळ्यांवर येत होती. कोमल आईची हिरवी ओढणी साडीसारखी गुंडाळून आली होती. दीप्ती मात्र गणवेशात. आजी पहाटे पाचलाच माल उचलायला गेली, मला कोण तयार करणार, असं म्हणताना तिचा चेहरा पडला होता. तिच्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. मी तिला चित्रकलेच्या खोलीत नेलं, कपाट उघडलं आणि एक निळा शर्ट काढून गणवेशावरून चढवला. बाह्या चार वेळा दुमडल्या. ती आरशात बघून म्हणाली, वर्कशॉपचा साहेब. मी तिला शाबासकी दिली आणि पटांगणात सोडलं.

प्रार्थना सुरू व्हायची होती. कोमल रांगेतून बाहेर आली आणि दीप्तीसमोर उभी राहिली. तिने शर्टाचं तिसरं बटण दोन बोटांत धरलं. निळ्या शर्टाला ते लाल दोऱ्याने शिवलेलं होतं, आणि टाके इतके वेडेवाकडे की शिवणाऱ्याने पहिल्यांदाच सुई धरली असावी.

“हा माझ्या बाबांचा आहे,” ती म्हणाली. “बटण मी लावलं होतं.”

“ना, आ तो बेने कबाटमांथी आप्यो,” दीप्ती म्हणाली, हा तर बेननी कपाटातून दिला, पण म्हणता म्हणताच तिला कळलं असावं. ती घाईघाईने शर्ट काढायला लागली. कोमलने तिचा हात धरला. काढू नकोस म्हणाली. मग तिने वळून मला शोधलं.

मी जवळच उभी होते. मला वाटलं ती रडेल, किंवा माझ्यावर रागावेल, आणि ते दोन्ही मी सोसलं असतं. पण ती अगदी साध्या आवाजात विचारत होती.

“बेन, मग हा बाबांना पोचला नाही?”

मी तिला तिथून चित्रकलेच्या खोलीत नेलं. बाहेर प्रार्थना सुरू झाली. मी खुर्चीवर बसले, तिला जवळ घेतलं आणि समजावायला लागले, की पोचतो म्हणजे कसा, कुणीतरी तो घातला की पोचतो, तुझ्या कराडच्या आजोबांनी सांगितलं होतं ना, आज दीप्तीने घातला म्हणजे... इतकं बोलून माझी जीभ अडखळली, कारण मी काय बोलते आहे ते मला ऐकू आलं. कोमल हुशार मुलगी. तिची नजर उघड्या कपाटाकडे गेली होती.

ती उठून कपाटाशी गेली. तिने एकेक घडी उचलून पाहिली आणि तिला हवं ते बरोबर सापडत गेलं. दोन पॅन्ट, चौकड्यांचा शर्ट, पांढरा सदरा आणि सगळ्यात खाली तपकिरी स्वेटर. माझी इस्त्रीची घडी मोडलेलीसुद्धा नव्हती.

“हे कुणीच नाही घातले?”

मी नाही म्हटलं.

“चार महिने?”

कपाटाला कुलूप होतं, असं मी तिला सांगितलं.

“म्हणजे बाबांकडे काहीच नव्हतं,” ती म्हणाली. “इतकी थंडी पडली होती उत्तरायणात. मी आईला विचारलं पण होतं. ती म्हणाली, स्वेटर आहे त्यांच्याकडे.”

मी पंचवीस वर्षं शिकवते आहे. मुलांना खोट्या समजुती सांगू नयेत, असं मी पालकसभेत छाती पुढे काढून बोलते. ते त्या दिवशी मला सुचलंही नाही. मला फक्त तो माणूस दिसत होता, आठ दिवसांच्या तापाने खंगलेला, आणि त्याचे कपडे माझ्या पर्समधल्या किल्लीमागे बंद. सगळ्यांसाठी म्हणून केलेल्या कपाटातून मी चार महिन्यांत कुणालाही काहीही दिलं नव्हतं. तो एक दिवस छान साजरा व्हावा म्हणून मी सगळं राखून ठेवलं होतं. मला माझीच चीड आली आणि मी त्या पोरीसमोर रडले.

मोठ्या माणसाला रडताना बघून मुलं घाबरतात, कोमल नाही घाबरली. तिच्या घरी सवय झाली असेल. मग ती म्हणाली, “आज देऊया.”

आम्ही दोघी निघालो. दोन्ही पॅन्ट आणि सदरा रखवालदाराला दिला. त्याने कारण विचारलं नाही, नमस्कार केला. चौकड्यांचा शर्ट शाळेसमोर सायकली दुरुस्त करणाऱ्याला दिला. कोमल प्रत्येकाला एकच सांगत होती, की आजच घाला. सायकलवाल्याने तिच्यासमोरच आपल्या बनियनवर शर्ट चढवला. तिने तो नीट निरखला आणि मान हलवली.

स्वेटर उरला. तो आमच्या झाडलोट करणाऱ्या गंगाबाईंना द्यायचा, हे तिनेच ठरवलं, कारण त्या सगळ्यात जास्त कुडकुडतात. गंगाबाई मागच्या व्हरांड्यात बादली भरत होत्या. तिथे पोचल्यावर मात्र कोमलची पावलं थांबली. तिने स्वेटर दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता.

“बेन, मी एकदा घालू? मग देते. घरी नाही नेणार.”

मी घाल म्हटलं. तिने ओढणीवरूनच तो डोक्यातून ओढला. गुडघ्यांच्या खाली आला, हात तर बाह्यांत कुठेच दिसेनात. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पाठ एवढीशी आणि त्यावर तो ढगळ स्वेटर. ती हलत नव्हती, रडतही नव्हती, नुसती उभी होती. पटांगणातून पोरांचा दंगा ऐकू येत होता. मी तिला म्हणू शकले असते की ठेव, तुझाच आहे तो, मी नयनाशी बोलते, दत्ताजीरावांना काय कळतंय. ओठांवर आलं होतं. पण तिने ठेवून घेतला असता तर रात्री थंडी वाजली की तिला काय वाटलं असतं, हे मला दिसत होतं. मी गप्प राहिले. माझ्या आयुष्यात मी क्वचितच इतकी गप्प राहिले असेन.

तिने स्वेटर काढला, भिंतीवर दाबून घडी घातली आणि गंगाबाईंच्या हातात दिला. गंगाबाईंनी ओले हात पदराला पुसून तो लगेच घातला.

संध्याकाळी नयना फाटकाशी आली. मी दिवसभर तिला काय सांगायचं ते जुळवत होते. पण कोमल माझ्या आधी धावली. ओढणी सुटून खांद्यावर आली होती. तिने आईचा हात धरला आणि कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता इतक्या मोकळ्या आवाजात म्हणाली, “आई, बाबांना आज स्वेटर पोचला.”

नयनाने माझ्याकडे पाहिलं. तिने विचारलं, “आज?”

“हो, आज,” मी म्हणाले. “माझ्यामुळे उशीर झाला.”