जीभ माही हाय

"अर्धी जीभ काढावी लागेल," सर्जन धम्मदीपला म्हणाले. त्याची बायको भावना दोघांच्या मधे स्टुलावर तोंड उघडून बसली होती. लाकडी पट्टीने दाबलेल्या तिच्या जिभेवरची जांभळी, फुगीर गाठ डॉक्टरकीचे विद्यार्थी वाकून बघत होते.

जन्मापासूनचा तो डाग दुसऱ्या बाळंतपणात वाढला होता. घास चावताना दात लागला की भळाभळा रक्त येई. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचता वेचता दिवसभर बोलणारी भावना आता पदर तोंडावर धरून बसे.

"बोलता येईन ना तिले?" धम्मदीपने विचारले.

"बोबडं होईल. पण जीव महत्त्वाचा."

धम्मदीप कसनुसा हसला. "कमी बोलली तं घरात शांतीच राहीन, सायेब."

विद्यार्थी हसले. भावनाने पट्टी हिसकून ट्रेमध्ये आपटली.

"हसून काय राह्यले? जीभ माही हाय. मले विचारा!"

"बाई, उपचार डॉक्टर ठरवतात."

"कापाच्या आंधी येवढंच सांगा, दुसरं काई हाय का नाई?"

सर्जनांनी पुढचा केसपेपर उचलला. मागे उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टर प्रेरणा पुढे आल्या. "आहे. गाठ रक्तवाहिन्यांची आहे. इंजेक्शनं देऊन ती आतून सुकवता येते. एकदा देऊन भागत नाही, आणि दर वेळी जीभ सुजते. नागपूरला लेसर आहे, पण इतक्या खोल तो पोचेलच असं नाही. इंजेक्शनांनी उतरली नाही, तर मात्र कापावं लागेल."

"मंग हे पयले काऊन नाई सांगतलं?" भावना सर्जनांकडे बघत म्हणाली. ते पुढच्या पेशंटकडे वळले होते. "इंजेक्शनच द्या मले," ती प्रेरणांना म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात ती नवऱ्यावर उसळली. "शांती पाह्यजे तुमाले?"

"गमतीनं म्हनलो वं."

"चार पोरायसमोर? त्यायले मी मानूस नाई दिसली, तुमाले बी नाई?"



इंजेक्शननंतर जीभ इतकी सुजली की ओठ मिटेनात. धम्मदीप वॉर्डातच राहिला, चमच्याने दूध पाजत. त्याच्या हातून ती दूध प्यायली, पण त्याच्याकडे बघितले नाही.

सूज थोडी उतरल्यावर सुट्टी झाली. एसटीत कंडक्टर आला.

"कुठं?"

धम्मदीपने तोंड उघडले. भावनाने त्याचा दंड घट्ट धरला.

"हिं... गन... घात."

"काय?" कंडक्टर वाकला. पुढच्या सीटवरची दोन माणसे वळून बघू लागली. धम्मदीपने नुसते पैसे पुढे धरले. भावनाने ओठांवरची लालसर लाळ रुमालाने पुसली आणि पुन्हा सुरुवात केली.