टेकडीची चाळण

टेकडीवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. आमच्या दगड कापायच्या कारखान्यातली माणसं, छातीत वर्षानुवर्षांची धूळ घेऊन, धापा टाकत वर चढत होती आणि धागेबाबा एकेकाच्या मनगटाला काळा धागा बांधत होते. अट एकच: कुणाचा हात न धरता, आपल्या पायांनी यायचं. शिष्य कर्ण्यावरून सांगत होता, "धागा बांधलेल्या शंभरांतले पाच दगावले, न बांधलेल्या शंभरांतले वीस. चौपट धोका, मंडळी. दवाखान्यात विचारून या. बाबा आकड्यानं बोलतात."

बाबा स्वतः काहीच बोलत नव्हते. तेवढं एक बरं होतं.

मी दवाखान्यात विचारून आले होते. आकडा खरा निघाला, हेच तर दुखणं.

माझा दादा गेल्या वर्षी अर्ध्या टेकडीपर्यंत गेला. त्याचे ओठ निळे पडले, तशी वहिनीनं त्याला धरून खाली आणलं. महिनाभरात तो गेला. तेव्हापासून वहिनीच्या हातातला घास हातातच राहतो. "मीच खाली आणलं त्यांना," एवढंच म्हणते. मला बाबांचा राग येतो तो याचा. धागा विकून पोट भरतात, ते एक वेळ सोडून देईन.

शेवटी मी तिलाच दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवलं.

"आकडा बरोबर आहे, वहिनी. पण न बांधलेले म्हणजे कोण, हे शिष्य सांगत नाही. त्यांत खाटेवरून उठता न येणारेही आलेच की. ते वर कसे जाणार?"

"पण वर गेलेले वाचले ना?"

"बाबा यायच्या आधी मी सगळ्यांना या व्हरांड्यात चालवून दम तपासला होता. ज्यांना टेकडी सहज चढता आली असती, पण जे गेलेच नाहीत, त्यांच्यातही शंभरांतले पाचच दगावले. धाग्यानं काही केलं नाही. टेकडीनं चाळणीसारखी माणसं वेगळी केली. धडधाकट वर, खंगलेले खाली."

वहिनी म्हणाली, "म्हणजे मी खाली आणलं म्हणून नाही गेले ते?"

"नाही. त्यांचं फुफ्फुसच उरलं नव्हतं. तुम्ही आणलंत म्हणून ते घरी, तुमच्याजवळ गेले."

वहिनी वर्षभरानं रडली. मला वाटलं, सुटली बिचारी. तर पदरानं डोळे पुसत म्हणाली, "शेवटपर्यंत मला म्हणत होते, 'आणखी थोडा जोर केला असता तर.' स्वतःला दोष देत गेले हो. त्यांना आता हे कोण सांगणार?"

दादाला आता कुणीच सांगू शकत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. कुणी इतके वाचले, इतके गेले असं सांगू लागला, तर आधी विचारा की या दोन घोळक्यांत कोण कोण होतं, आणि मुळात ते सारखे होते का. आणि घरचं माणूस ऐकू शकतंय, तोवरच विचारा.