ठराव मंजूर झाला त्या वर्षी

साक्रीच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका पाड्यावर डोंगरसिंग राहायचा. दिवाळी झाली की बायको आणि धाकट्या पोराला घेऊन तो गुजरातेत ऊसतोडीला जाई. थोरली रूपा आजीजवळ राहून शिके. सातवीत शाळेच्या निवडणुकीत पोरांनी तिला मुख्यमंत्री केलं, तेव्हा त्यानं पाड्यावर घरोघर जाऊन सांगितलं. त्याच पावसाळ्यात आजी वारली.

आता रूपाला ठेवायचं कुणाजवळ? तिच्या शिक्षिका हेमलताबाई म्हणाल्या, "ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह मिळतं. ग्रामसभेत मागणी करा."

डोंगरसिंग ग्रामसभेला कधी गेला नव्हता. "मोठ्या मान्सासनं काम ते," तो पुटपुटला.

"आबा, ग्रामसभा तुमनीबी शे," रूपा म्हणाली, आणि तिनं त्याच्याकडून बोलणं घोकून घेतलं.

गांधी जयंतीच्या ग्रामसभेत तो उभा राहिला. घोकलेलं सगळं विसरलं. "मनी पोरनी शाळा बुडस. आम्ही ऊसतोडीले गऊत का हाई कोठे ऱ्हाई?" एवढंच बोलून तो खाली बसला. पण मागून बायका बोलू लागल्या, हात वर झाले, ठराव मंजूर झाला. दाराशी उभी असलेली रूपा घरापर्यंत नाचत गेली.

ठरावाचा कागद तालुक्याहून वर गेला नि वरच राहिला. दिवाळी सरली, मजूर न्यायला मुकादमाचा ट्रक आला. हेमलताबाई साक्रीला आपल्या घरी ठेवते म्हणाल्या, पण वयात येणारी पोर परक्या घरी सोडायला आईचा जीव धजेना.

उसाच्या फडात रूपा भावाला सांभाळी, तोडलेल्या शेंड्यांचं वाढं बांधी. सुरुवातीला पुस्तक उघडायची. पुढे तेही राहिलं. वसतिगृहाची मंजुरी, तीही त्या हंगामापुरती, आली होळीनंतर. तेव्हा पाड्यावर राहायला मुलंच नव्हती.

जूनमध्ये बाई घरी आल्या. "रूपा, आठवीत नाव घालू. बुडालेलं मी शिकवीन."

चुलीपाशी बसलेली रूपा बाईंकडे न बघता बापाला म्हणाली, "आबा, तुम्ही बोलनात. बठ्ठासनी हात वर कयात. मंग मी ऊसतोडीले काबर गऊ?"

बाई तशाच परत गेल्या.

डोंगरसिंगनं समजावलं, रागावला, एकदा तिच्यासमोर रडलाही. पोर शाळेत गेली नाही.

त्या साली तो ऑगस्टच्या ग्रामसभेतच उठला. मग साक्रीला खेपा घातल्या, साहेबांच्या दारात बसून राहिला. वसतिगृह दिवाळीआधी सुरू झालं.

ट्रक निघाला तेव्हा मागे राहणारी पोरं रस्त्यावर जमली होती. शेजारच्या सुकलालची मयुरी खालून ओरडली, "रूपाताई, तूबी ऱ्हाय ना आठे!"

रूपानं मांडीवरच्या भावाची टोपी कानावर ओढली. डोंगरसिंग पाठ फिरवून सामानाचा दोर आवळू लागला. दोर आधीच घट्ट होता.