डावीकडचा आरसा

सिगारेट एकदाची सुटली, पण बोटांची सवय काही सुटेना. दिवसभर बस चालवून घरी आलेला माणूस खुर्चीत टेकला की त्याचा हात खिशाकडे जायचा. खिशात काही नाही हे कळलं की बोटं टेबलावर ताल धरायची, आणि त्याचाही कंटाळा आला की वर्तमानपत्राचे कोपरे कुरतडायची. समोर बायको कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत बसलेली असायची. कपडे दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं तिचं. उरलंसुरलं काम ती संध्याकाळी घरी आणायची. त्या टकटकीने तिचे टाके वाकडे पडायचे.

"अहो, हवी तर पुन्हा ओढा एखादी," एकदा ती वैतागून म्हणाली, "पण हा तबला आवरा."

त्यांची मुलगी परगावी नोकरीला होती. सुट्टीला आली तेव्हा तिने हा तबला ऐकला, आणि पुढच्या खेपेला एक खोका घेऊन आली. खोक्यावर जुन्या पद्धतीच्या लाल गाडीचं चित्र होतं. उघडून बघावं तर आत गाडीचा पत्ता नाही. प्लास्टिकच्या चौकटी, आणि वेलीला शेंगा लागाव्यात तसे त्यांना लटकलेले बारीक बारीक भाग.

"बाबा, ही तुम्ही जोडायची."

"दिवसभर खरी गाडी हाकतो ते कमी पडलं का? आता खोटी जोडू?"

तोंडाने नाही म्हणाला, पण त्याच संध्याकाळी चौकटीतून पहिलं चाक कापून त्याने कानशीने घासलं, आणि मग तो त्यात असा रमला की जेवायला दोनदा हाक मारावी लागली. पहिली गाडी बिघडली. गोंद फार झाला, दारं कायमची बंद झाली. दुसरी बरी झाली. तिसरी मुलीने नेऊन आपल्या ऑफिसातल्या कपाटावर ठेवली. जेवणाचं टेबल हळूहळू त्याच्या ताब्यात गेलं. त्यावर चिमटे आले, रंगाच्या बाटल्या आल्या, पाण्यात भिजवून चिकटवायचे नंबर आले. नवरा-बायको मांडीवर ताट घेऊन जेवू लागली. शेजारीण विचारायची, "टेबल विकलं की काय?" तर ती म्हणायची, "सवत आणलीय घरात. तिला बसायला दिलंय."

खरं सांगायचं तर तिला हे दिवस आवडायला लागले होते. आधी दोघं एका खोलीत असायची, पण तो टीव्हीशी बोलायचा आणि ही सुईशी. आता एकाच दिव्याखाली समोरासमोर काम चालायचं. गाडीला खऱ्या रंगाआधी एक फिकट रंग द्यावा लागतो, त्याला अस्तर म्हणतात, हे ऐकून तिला हसू फुटलं होतं. "म्हणजे तुम्ही पण शेवटी शिंपीच झालात." तिच्या सुईत दोरा घालायचं कामही त्याच्याकडेच आलं होतं. तिला चष्मा लावूनही जमत नसे. तो मात्र एका झटक्यात ओवून द्यायचा. "नजर आहे उस्तादाची," असं वर ऐकवायचाही. उस्ताद हे त्याचं डेपोतलं नाव. इतक्या वर्षांत बसला ओरखडा नाही म्हणून पडलेलं.

मग वस्तू हरवायला लागल्या.

आधी दाराची एक मूठ गेली. मग दिव्याची काच. तो चिडायचा, "तू झाडलंस ना इथे?" ती म्हणायची, "तुमच्या सवतीला मी हात लावत नाही." आणि जरा वाकून बघितलं की मूठ टेबलावरच सापडायची, त्याच्या डाव्या कोपराशी. ती चिडवायची, "काखेत कळसा आणि गावाला वळसा!" तोही हसायचा. एकदा रंगाची बाटलीच कोपराने सांडली. चादरीवर, तिच्या शिवणावर, सगळीकडे लाल शिंतोडे. "ही इथे ठेवली कुणी?" तो ओरडला. ठेवली त्यानेच होती, जरा वेळापूर्वी, तिच्यासमोर. गिऱ्हाइकाचा कोट वाचला यातच तिने समाधान मानलं.

त्याच सुमाराला डेपोतून आल्यावर तो एकदा बोलून गेला, की वळणावरच्या खांबाला बसचा आरसा घासला. "खांब पुढे आणलाय लेकाच्यांनी," तो म्हणाला. ती रोज त्याच रस्त्याने दुकानात जायची. खांब होता तिथेच होता.

पुढच्या रविवारी दुपारी तो गाडीचे बाहेरचे आरसे बसवत होता. तांदळाच्या कणीएवढे दोन आरसे. उजवीकडचा बसला. डावीकडचा सापडेना. तो टेबल चाचपत होता, मान खाली घालून जमीन बघत होता, आणि आरसा पांढऱ्या कागदावर लख्ख पडला होता, त्याच्या डाव्या हातापासून वीतभर अंतरावर. तिने सुई खाली ठेवली. चिमट्याने आरसा उचलून तो हळूच त्याच्या डाव्या गालाच्या बाजूला धरला. तो शोधतच राहिला. तिने चिमटा थोडा पुढे आणला. अजून पुढे. जवळजवळ नाकासमोर आल्यावर तो दचकला.

"अरे! कुठे होता हा?"

"इथेच होता," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर तो आरसा नव्हता, बस होती. भरलेली, उभ्या माणसांची, आणि उद्या सकाळी निघणारी.

तिने आडवळण न घेता विचारलं. "अहो, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही का?"

"काय खुळ्यासारखं बोलतेस? डेपोची डोळ्यांची तपासणी झाली की मागेच. शेवटची ओळ वाचली मी, सगळ्यात बारीक. डॉक्टर म्हणाला, तरुणांनाही ती वाचता येत नाही."

"ती समोरची झाली. बाजूचं विचारतेय मी."

"आण तुझी सुई. आण इकडे." त्याने सुई हिसकावून घेतली आणि पहिल्याच झटक्यात दोरा ओवून तिच्यासमोर टाकला. "आता बोल."

दोरा ओवलेला समोर दिसत होता. तिने मुलीला फोन लावला. मुलगी म्हणाली, "आई, तू काही करू नकोस. शनिवारी मी येते, मग त्यांना घेऊन जाऊ डॉक्टरकडे." शनिवारपर्यंत तो रोज बस चालवणार होता.

सकाळी तिने दुकान उघडलं नाही. ती थांब्यावर उभी राहिली, आणि त्याची बस आली तेव्हा बाकीच्यांबरोबर चढली. त्याने तिला बघितलं आणि कपाळाला आठी घातली. "आज इकडे कुठे?"

"बटणं आणायचीत," ती म्हणाली आणि त्याच्या मागच्याच बाकावर बसली.

चालवत छान होता तो. इतकी वर्षं त्याच्यासोबत राहूनही तिने त्याला असं मागून कधी बघितलं नव्हतं. खांदे सैल, हात मऊ, गिअर बदलला तरी उभ्या माणसाचा तोल जात नव्हता. तिला वाटू लागलं, आपलंच चुकलं. उगाच राईचा पर्वत केला. पुढे चौक आला, बस वळू लागली, आणि डाव्या हाताच्या फुटपाथवरून एक माणूस खाली उतरला. कानाला फोन, दुसऱ्या हातात भाज्यांची पिशवी. बस त्याच्याकडे चालली होती आणि वेग कमी होत नव्हता.

"थांबा!" ती किंचाळली. "अहो, माणूस!"

ब्रेक लागला. उभी माणसं एकमेकांवर आदळली. कुणाचं तरी डोकं दांडीवर आपटलं, एका बाईचा डबा उघडून अन्न खाली सांडलं. बाहेर त्या माणसाने पिशवी टाकून मागे उडी मारली होती. बसच्या पत्र्यावर थापा मारत तो शिव्या देत होता.

"बाई, ड्रायव्हरला काम करू द्या की," मागून कुणीतरी ओरडलं. "किती जोरात ओरडता!"

नवऱ्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. "कोण माणूस? कुठे?"

तेवढे दोन प्रश्न. तिने डावीकडे बोट दाखवलं. तेव्हा कुठे त्याने मान पूर्ण डावीकडे फिरवली, आणि दाराच्या काचेबाहेर तो लालबुंद चेहरा त्याला दिसला.

ज्यांना लागलं होतं त्यांची त्याने माफी मागितली. मग बस पुन्हा सुरू केली. ती म्हणाली, "नका चालवू, इथेच थांबवा," पण दबक्या आवाजात, चारचौघांत. तो शेवटच्या थांब्यापर्यंत गेला. अगदी सावकाश, प्रत्येक वळणाला मान फिरवत. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून हैराण झाल्या. सगळी उतरल्यावर तो सीटवरच बसून राहिला.

"शनिवारी दाखवतो डोळे," तो म्हणाला. "तोवर जपून चालवतो. तू कुणाला बोलू नकोस."

"आत्ता जाऊन सांगा डेपोत."

"सांगितलं की संपलं. मला दुसरं येतं काय?"

"तो माणूस मेला असता."

"मेला नाही ना!"

एवढं बोलून त्याने परतीच्या फेरीचा फलक फिरवला. लोक चढायला लागले. ती खाली उतरली. थांब्यावर उभं राहून तिने बस जाताना बघितली, मग चालत डेपोत गेली आणि मोठ्या साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून सगळं सांगितलं. आरसा, खांब, चौक, सगळं. आपण बायको आहोत हे तिने शेवटी सांगितलं. साहेबांनी लगेच फोन उचलला. मधल्याच एका थांब्यावर दुसरा ड्रायव्हर पाठवून त्याला खाली उतरवलं, भरल्या बसमधून, लोकांच्या देखत.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रासमोर बसवून ठिपके दाखवले. काचबिंदू, त्या म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत, डावीकडची बाजू जास्त गेलेली. डोळ्यातला दाब वाढून नस वाळत जाते, कडेपासून आत. गेलं ते परत येणार नाही. थेंब घातले तर उरलेलं टिकेल.

"पण मला तिथे काळं वगैरे काही दिसत नाही," तो म्हणाला.

"काळं दिसलं असतं तर बरं झालं असतं, लवकर आला असतात. मेंदू ती जागा आपल्या मनाने भरून टाकतो."

डेपोने त्याला सुट्या भागांच्या कोठारात बसवलं. घरी येऊन त्याने सगळ्या गाड्या, चिमटे, बाटल्या खोक्यात भरल्या आणि खोका पलंगाखाली सरकवला. टेबल मोकळं झालं. त्याने बायकोशी बोलणं टाकलं. काही सांगायचंच झालं तर मुलीला फोनवर, बायको शेजारी ऐकत असताना: "तुझ्या आईला सांग, थेंब संपलेत." मुलगी दोघांच्या मधे रडकुंडीला आली. "आई, माझी वाट बघायची होतीस," असं ती एकदाच म्हणाली, पण तेवढं पुरेसं होतं. डेपोतली माणसं दुकानावरून जाताना आत बघायची नाहीत. आपण बरोबर केलं यात तिला शंका नव्हती. पण बरोबर केल्याचं सुख म्हणतात ते कसलं असतं, ते काही तिच्या वाट्याला आलं नाही. सुई हातात घेतली की चौक दिसायचा, आणि बसमधून मान खाली घालून उतरणारा नवरा दिसायचा, जो तिने प्रत्यक्ष बघितलाही नव्हता.

एका संध्याकाळी तिला शिवण सहन होईना. तिने खोका ओढून काढला, अर्धवट राहिलेली लाल गाडी टेबलावर ठेवली आणि तिच्या काचा बसवायला घेतल्या. बोटांना काहीतरी हवं होतं, इतकंच. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. गोंद लावला, पुढची काच दाबली, बोटाचा ठसा उमटला, पुसायला गेली तर अजून पसरला. काच हळूहळू धुरकट झाली. ती पुसतच राहिली.

तो दारात कधी येऊन उभा राहिला तिला कळलं नाही.

"काचेला हा गोंद लावत नाहीत," तो म्हणाला. "त्याच्या वाफेनेच धुरकटते. पांढरा गोंद असतो वेगळा."

तिने मान वर केली नाही. मान वर केली तर तो परत जाईल असं तिला वाटलं. "मला काय ठाऊक," ती म्हणाली.

तो आला. समोर न बसता तिच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढून बसला, म्हणजे ती त्याच्या उजवीकडे आली. धुरकट काच हातात घेऊन त्याने दिव्याकडे धरून बघितली. "वाट लावलीस," तो म्हणाला, पण ती त्याने खाली ठेवली नाही.

काचेकडे बघतच त्याने विचारलं, "तो म्हातारा होता का?"

कोण, हे तिने विचारलं नाही. "नाही. तरणा होता. तिशीचा असेल."

"त्या वेळी दाराच्या काचेतून बघितला मी. नुसता चेहरा. चेहरासुद्धा आठवत नाही आता." त्याने काच उलटी केली. "कपडे कसले होते?"

"निळा शर्ट. बाह्या दुमडलेल्या."

"आणि?"

"पिशवी होती. भाज्या होत्या. फोनवर कुणाशी तरी हसून बोलत होता."

"हसत होता?"

"हो."

त्याने काच टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "अजून सांग," आणि ती आठवेल तेवढं सांगू लागली.